कालच्या रोडग्याचे लाडू

मोठी आई सकाळी उठली की देवघराच्या आधी स्वयंपाकघरात जायची आणि कालच्या भांड्यांची झाकणं एकेक करून उघडायची. वास घ्यायची, बोट लावून पाहायची, कधी भांडं तिरपं करून आतलं किती सरकतं ते बघायची. मोठे बाबा पूजेची तयारी करता करता चिडायचे, "आधी देवाले तरी हात जोड." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "देव कुठी जात नाही. वरण आंबते."

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वडिलांची नोकरी बदलीची, म्हणून माझी शाळा संपेपर्यंत मी तिच्याच घरी राहिलो. तिचा मुलगा गजू माझ्याहून थोडा मोठा. घर शेलूबाजारच्या अलीकडच्या एका खेड्यात. मोठे बाबा आणि नंतर गजू वांगी, मेथी, मिरची पिकवत आणि सकाळच्या जीपनं बाजारात नेत. खाण्याची ददात त्या घरात कधी नव्हती. हे सांगून ठेवतो, कारण शिळं खाणं म्हटलं की लोक लगेच गरिबीची कहाणी ऐकायला सरसावून बसतात. मोठी आई गरीब नव्हती. हट्टी होती.

उरलेला पदार्थ पुन्हा त्याच रूपात पानात येऊ द्यायचा नाही, हा तिचा पहिला हट्ट. रात्रीचं घट्ट वरण सकाळी कणकेत मळलं जायचं आणि त्याच्या पराठ्यांवर आम्ही शाळेत जायचो. भात ज्वारीच्या पिठात शिरून थालीपीठ व्हायचा. बेसन, म्हणजे पिठलं, थिजलं की त्याच्या वड्या पाडून ती तव्यावर खरपूस करायची. आणि भाकरीचे कुटके: शिळी भाकरी हातानं मोडायची, कांदा, लसूण, मिरची, शेंगदाणे यांची दणकून फोडणी, वर पाण्याचा हबका आणि झाकण. ताज्या भाकरीचे कुटके होत नाहीत, नुसता गिचका होतो. याचं कारण तिनं मला एकदा सांगितलं होतं. "भाकर रातभर इचार करते, मंग सकाळी चवीनं लागते. तू कर असा कधी इचार."

सगळेच प्रयोग साधत असं नाही. एका लग्नातून आलेली जिलेबी उरली, तेव्हा तिनं ती चिंचेच्या वरणात सोडली. "गूळ घालतोच ना आपण? मंग जिलेबीनं काय घोडं मारलं?" ते वरण आम्ही दोन्ही वेळ खाल्लं. खाल्लं म्हणजे खावं लागलं. पानातलं टाकणाऱ्याकडे ती अशी बघायची की घास आपोआप खाली उतरायचा. त्या वरणाला तिनं शेवटपर्यंत चूक म्हटलं नाही. "वरण बराबर होतं. जिलेबीच खराब होती," असाच निकाल तिनं दिला.

गोठ्यात एक म्हैस होती. तिच्यापुढे काय टाकायचं यावर मोठ्या आईचा कडक पहारा असे. पानात राहिलेलं, कुणाच्या हाताचं, तोंडाचं लागलेलं, ते उष्टं. ते खुशाल म्हशीला. पण भांड्यात, टोपल्यात राहिलेलं ते उरलेलं. मोठ्या बाबांनी एकदा आळसानं टोपल्यातल्या भाकरी गोठ्यात नेऊन टाकल्या, तर ती गोठ्याच्या दारात उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली होती. "उष्टं द्या ना तिले, मी कधी नाही म्हनलं? ह्या भाकरीले कोनं तोंड लावलं होतं? मानसाचं खानं हाय ते!" म्हशीच्या तोंडापुढून तिनं दोन भाकरी परत उचलल्याही होत्या. त्या संध्याकाळी जेवताना मोठे बाबा प्रत्येक घास संशयानं बघत होते.

आणि तिचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे सांगून वाढणं. "हे कालचं हाय बरं," असं म्हटल्याशिवाय तिनं उरलेलं कधी कुणाच्या पानात वाढलं नाही. आम्हाला नाही, शेजाऱ्यांना नाही, खुद्द तिच्या माहेरच्यांना नाही. "खानाऱ्याले मालूम पाह्यजे. न सांगता शिळं वाढनं म्हंजे फसवनं." पण सांगताना तिच्या आवाजात संकोच नसायचा, चक्क तोरा असायचा. एखादा गवई अवघड राग गाण्याआधी नाव सांगतो ना, तसं ती सांगायची: हे कालचं आहे, आता खाऊन बघा. नम्रता हा गुण तिच्यात औषधालाही नव्हता आणि तिचं काही त्यावाचून अडतही नव्हतं.

गजू लग्नाचा झाला आणि या घरात पहिल्यांदा लाज नावाची गोष्ट शिरली.

आमच्याकडच्या मुलींच्या बापांना भाजी रोज लागते, भाजी पिकवणारा जावई लागत नाही. गजूला विहीर होती, ठिबक होतं, नवी मोटारसायकल होती, नोकरी नव्हती. एकामागून एक स्थळं बघून गेली आणि "कळवतो" म्हणाली. ज्यांना कळवायचं असतं ते असं म्हणत नाहीत, हे गजूला हळूहळू समजलं. तो आरशात जास्त वेळ बघू लागला, घरातल्या फाटक्या सतरंजीवरून चिडू लागला. मोठी आई बाजारातल्या बायकांना तोंडावर विचारायची, "तुह्या भाचीले काय पाह्यजे वं? साहेब? मंग त्याले वांगे कोन देईन?" पण आतून ती घाबरली होती. लग्नाशिवाय राहिलेली पोरं गावात वाढत चालली होती आणि त्यांत आपला नको, एवढंच तिचं मागणं होतं.

मग रिठदचं एक स्थळ आलं. मुलीला गजू पसंत होता. मुलीचा बाप साधा शेतकरी होता, पण निर्णय मुलीच्या मामाच्या हातात होता. त्यांना सगळे बापूसाहेब म्हणत. ते कशाचे साहेब होते हे मी बऱ्याच जणांना विचारलं. प्रत्येकानं ते मोठे माणूस आहेत असं सांगितलं आणि विषय संपवला. पांढरेशुभ्र कपडे, हातात जाड कडं, आणि फोनवर बोलताना तो तोंडापुढे आडवा धरून पलीकडच्याचं बोलणंही सगळ्यांना ऐकवायची सवय.

ते लोक घर बघायला रविवारी येणार होते. बापूसाहेबांना शनिवारीच आमच्या बाजूला कसल्यातरी उद्घाटनाला यायचं होतं, म्हणून दोन जीपा भरून शनिवारीच आले. त्याच्या आदल्या दिवशी शेतात रोडग्यांची पंगत झाली होती. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. वांग्याची भाजी, वरण आणि भावकी. रोडगे बरेच उरले होते आणि मोठ्या आईनं ते सकाळी उठल्याबरोबर कुटायला घेतले होते. कुटून, चाळून, तुपावर परतून, गूळ-खसखस घालून त्यांचे लाडू. तिच्या सगळ्या करामतींमध्ये हे लाडू पहिल्या नंबरचे होते, असं ती स्वतःच सांगायची आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मी नोकरीला लागून अकोल्याला राहत होतो. पंगतीसाठी आलो होतो, तो थांबलो. चहा आणि लाडू गजूनं बैठकीत नेले आणि काही न सांगता पाहुण्यांपुढे ठेवले. बापूसाहेबांनी एक लाडू संपवला, दुसरा उचलला, अर्धा खाल्ला आणि मान डोलावली.

"वा! वहिनी, काय लाडू हाय! कायचे म्हनाचे हे?"

मोठी आई आतल्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिचा चेहरा उजळला. खरं म्हणजे ते सांगायलाच ती तिथे उभी होती.

"कालच्या रोडग्याचे," ती म्हणाली. "काल वावरात रोडगे होते ना, त्याचे उरले. ताज्याचे असे होत नाहीत बरं. शिळेच लागतेत."

बापूसाहेबांनी हातातला अर्धा लाडू बशीत ठेवला. रागानं नाही, एखादा कागद सही न करता बाजूला ठेवावा तसा. "शिळे?" ते म्हणाले आणि मुलीच्या बापाकडे बघितलं. मुलीच्या बापानं छताकडे बघितलं.

मोठे बाबा घसा खाकरत होते. त्यांच्या आधी गजू बोलला.

"मजाक करते आई," तो हसत म्हणाला. "मंगरूळहून आनले मी सकाळी. हलवायाचे हायेत."

मी माझ्या चहाकडे बघत होतो. चहात बघण्यासारखं काही नव्हतं. मग मान वर केली तर सगळेजण मोठ्या आईकडे बघत होते आणि ती गजूकडे. तिला बोलायला कधीच इतका वेळ लागला नव्हता.

"हाव," ती म्हणाली. "मजाक केली."

"असं म्हना ना!" बापूसाहेब मोठ्यांदा हसले आणि बशीतला लाडू उचलून त्यांनी तोंडात टाकला. "तरीच म्हनलं. घरच्या बाईचा हात नाही हा. हलवायाचा हात लपत नाही."

सगळे हसले. मुलीची आई तेवढी हसली नाही. तिनं ताटातून अजून एक लाडू घेतला आणि सावकाश खाल्ला. दारातून मोठी आई आत गेली होती.

लग्न जमलं. बापूसाहेबांनी एकच फर्माईश केली: लग्नात लाडू त्याच हलवायाचे पाहिजेत. गजू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि "आई" एवढंच म्हणाला.

"किती लागतीन?" मोठ्या आईनं विचारलं.

तिनं अंगणात रोडगे भाजले. मग ते धोतरावर पसरून रात्रभर तसेच ठेवले, शिळे व्हावेत म्हणून. दुसऱ्या दिवशी कुटले. आळीतल्या बायका मदतीला आल्या होत्या. नेहमी या कामात तिचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं, त्या दिवशी फक्त उखळाचा आवाज होता. गजूनं मंगरूळच्या एका दुकानातून रिकामे पुडे आणले. त्यांवर लाल अक्षरात छापलेलं होतं: शुद्ध तुपातील ताजी मिठाई. मोठी आई चौथीपर्यंत शिकलेली होती. तिनं ते वाचलं, पुडा उलटा करून दुसऱ्या बाजूनंही वाचलं आणि लाडू भरायला लागली.

लग्नात बापूसाहेबांचं भाषण झालं. आमच्याकडे हल्ली नवरा-नवरीपेक्षा माइकला जास्त वेळ मिळतो. जुन्या चांगल्या गोष्टी कशा नाहीशा होत चालल्या आहेत यावर ते तळमळीनं बोलले आणि खाली उतरून लाडवांचे दोन पुडे जीपमध्ये ठेवायला सांगितले.

त्यानंतर मोठी आई भांडली नाही, रुसली नाही, गजूला एका शब्दानं बोलली नाही. सुनेशी, वर्षाशी, तिचं चांगलं जमलं. बदल एवढाच झाला की घरात सगळं ताजं मिळू लागलं. सकाळी ताजं, संध्याकाळी ताजं. मोठ्या बाबांना सुरुवातीला बरं वाटलं. "उतरलं बाप्पा भूत," असं ते मला म्हणालेही. काही दिवसांनी जेवताना त्यांचे डोळे काहीतरी शोधू लागले. वाढताना ती बोलायचीच नाही. भाकरी पानात पडायची आणि तिच्याबरोबर येणारं ते वाक्य यायचं नाही.

उरायचं तर अजूनही. घर म्हटलं की उरतंच. ते कुठे जातं हे मला वर्षाकडून कळलं. "आत्याबाई मांगं बसून खातेत," ती सासूबद्दल म्हणाली. "सगळ्यायचं झाल्यावर. मी म्हनलं, मलेई द्या, तर म्हनते, तू ताजं खाय. कोनं पाह्यलं त लाज वाटीन तुले."

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. ती तिला तिच्या आईनं लग्नानंतर सांगितली होती. "मायनं पयल्याच घासात ओळखलं होतं, लाडू रोडग्याचे हायेत म्हून. आमच्या घरी करतेतच. मामाच्या घरीई करतेत. पन मामा बसला होता ना पुढं."

म्हणजे त्या बैठकीत लाडवाची खरी गोष्ट ठाऊक नसलेलं बहुधा कुणीच नव्हतं. बापूसाहेबांचीही मला खात्री नाही. एका बाईनं खरं सांगितलं होतं आणि दोन जीपा भरून माणसांनी, घरच्यांसकट, ते खरं नसल्याचं मान्य केलं होतं. हे वर्षाशी बोलत असताना गजू मोटारसायकल पुसत होता. पुसून झालेला आरसा त्यानं पुन्हा पुसला.

मोठ्या आईला मी शेवटचं भेटलो तेव्हा न कळवता गेलो होतो. सकाळची वेळ होती. घरात शिरताच लसणाच्या फोडणीचा वास आला आणि मी सरळ मागच्या दाराकडे गेलो. ती पायरीवर बसली होती, मांडीवर ताटली, ताटलीत भाकरीचे कुटके. मला बघून तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर ताटलीवर दुसरी ताटली झाकली. मांजरानं दूध पिताना दचकावं तशी ती दचकली होती. या बाईला कधी दचकताना मी पाहिलं नव्हतं.

"मले दे थोडे," मी तिच्या शेजारी बसत म्हणालो. अकोल्यात राहून माझी भाषा सुधारल्याचं लोक म्हणतात; तिच्याजवळ ती पुन्हा बिघडायची.

"नाही रे बाप्पा." तिनं ताटली पलीकडच्या बाजूला सरकवली. "वर्षा, गरम पोया टाक वं. पाव्हना आला."

"मी पाव्हना?"

"अकोल्याहून येते तो पाव्हनाच," ती म्हणाली. "पाव्हन्यायले शिळं देत नसतेत."

ती टोमणा मारत असती तर बरं झालं असतं. टोमणा कसा परतवायचा हे मी तिच्याकडूनच शिकलो होतो. पण ती मनापासून बोलत होती. ते आम्हीच तिला शिकवलं होतं आणि ती नीट शिकली होती. मी आत जाऊन गरम पोळ्या खाल्ल्या. वर्षानं वर तूप सोडलं. पोळ्या मऊ होत्या आणि मागच्या पायरीवर ताटलीचा बारीक आवाज येत होता.

उन्हाळा लागता लागता ती गेली. फार आजारी पडली नाही. बाकी सगळ्या गोष्टी उरकायची, तसंच तिनं हेही उरकलं.

सुतक असलेल्या घरात चूल पेटवत नाहीत. भावकीतून, शेजारून जेवण येतं. सगळी आळी तिची ऋणाईत नसली तरी तिच्या हातचं खाल्लेली होती; त्यामुळे भाकरी एवढ्या आल्या की दोन टोपल्या भरल्या. बापूसाहेबही भेटायला आले, गाडीत बसूनच फोनवर बोलून घेतलं, मग उतरले. "अन्नपूर्णा होती," असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टोपली जशीच्या तशी होती. कुणी हात न लावलेल्या, वरच्या एका फडक्याखाली नीट रचलेल्या भाकरी. कुटके करावेत तर चूल बंद. आणि नव्या भाकरी पुन्हा येणारच होत्या. वर्षा टोपलीकडे बघून रडायला लागली. गजूनं टोपली उचलली आणि गोठ्याकडे निघाला. मीही मागोमाग गेलो.

गोठ्याच्या दारात तो थांबला. जिथे उभं राहून मोठी आई ओरडली होती, त्याच जागी. म्हशीनं मान लांब केली. त्यानं टोपली खाली ठेवली, स्वतः तिच्याशेजारी उकिडवा बसला, वरची भाकरी उचलली आणि तिचा एक घास तोडून खाल्ला.

"काय करून राह्यला?" मी विचारलं.

"उष्टी करतो," तो म्हणाला. "उरलेलं दिलेलं चालत नाही आईले."

घास कोरडा होता, त्याला गिळायला त्रास होत होता. मी खाली बसलो आणि माझ्या बाजूची भाकरी घेतली. तिच्या नियमातून काढलेली ही पळवाट होती, हे दोघांनाही कळत होतं. पळवाटा काढण्यात आमचा हात आधीपासूनच चांगला. आम्ही एकेका भाकरीचा एकेक घास खात गेलो आणि उरलेली म्हशीपुढे टाकत गेलो, एकमेकांकडे न बघता.

टोपलीच्या तळाशी शेवटची भाकरी राहिली. गजूनं तिचा घास घेतला, चावला, गिळला. मग भाकरी म्हशीपुढे धरली आणि तिला हलक्या आवाजात सांगितलं, "कालची हाय बरं."